चौथ्या रिळातल्या तीन ओळी

संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, "जर्मनीत सिनेमाच्या प्रयोगशाळेत काम करणारा मराठी माणूस आमच्या माहितीत दुसरा नाही. दिवाळी अंकासाठी चार गमतीचे अनुभव लिहा, वाचकांना आवडतील." गमतीचे अनुभव आहेत, आणि त्यातले एक-दोन मी लिहिणारही आहे. पण पत्र आलं त्याच दिवशी मला कळून चुकलं होतं की लिहायला बसलो तर शेवटी भलतंच लिहून बसेन. म्हणून दोन वर्षं उत्तर दिलं नाही. यंदा देतो आहे.

आधी काम काय होतं ते सांगतो. परक्या भाषेतला सिनेमा चालू असताना पडद्याच्या तळाशी आपल्याला कळणाऱ्या भाषेत ओळी येतात, तुम्ही पाहिल्या असतील. इथले लोक त्यांना उंटरटिटल म्हणतात. ड्युसेलडॉर्फला एका छापखान्याच्या मागच्या अंगणात आमची प्रयोगशाळा होती, तिथे या ओळी फिल्मवर कोरल्या जात. कोरल्या हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. फिल्मवर आधी मेणाचा पातळ थर देतात. प्रत्येक ओळीचा नखाएवढा जस्ताचा ठसा तयार करतात, तो तापवून चित्राच्या खालच्या कडेवर दाबतात. अक्षरांपुरतं मेण बाजूला होतं. मग फिल्म औषधाच्या हौदातून जाते आणि मेण नसेल तिथलं चित्र ते औषध खाऊन टाकतं. तिथून प्रकाश आरपार येतो, म्हणून अक्षरं पांढरी दिसतात. म्हणजे अक्षर लिहिलेलं नसतं, त्या जागेचं चित्र नाहीसं केलेलं असतं. चूक झाली तर खोडता येत नाही.

मी रसायनशास्त्राचा पदवीधर. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर रंगांच्या एका कारखान्यात उमेदवारी करायला जर्मनीला आलो, आणि ती संपल्यावर या हौदांपाशी चिकटलो. मालकीण फ्राउ लेंझ. नवरा युद्धात गेला, त्याची प्रयोगशाळा या बाईंनी हातात घेतली होती. उंच, किडकिडीत, चष्मा डोक्यावर ठेवून तो शोधत फिरायच्या. मला पहिल्या आठवड्यात त्यांनी एकच धडा दिला.

"हेर पोटनीस, प्रेक्षक वाचायला येत नाही, बघायला येतो. कापा."

कापणं हेच या धंद्याचं मुख्य कौशल्य. माणूस तोंडाने भराभर बोलतो, तेवढ्या वेगाने डोळा वाचू शकत नाही. पात्र पंधरा शब्द बोललं तर आपल्याला पाच-सहा मिळतात. "बाळा, काल संध्याकाळपासून मी तुझी वाट बघत या दारात उभी आहे," याचं "कधीची वाट बघते आहे," एवढं होतं. काय गाळायचं हे ठरवणारा माणूस पडद्यावर दिसत नाही आणि त्याचं नाव कुठे येत नाही. मी या कामात पटकन तरबेज झालो. बाई इतरांना म्हणत, "पोटनीसकडे द्या, त्याला कापायची भीती वाटत नाही."

एक गंमत सांगायची कबूल केली आहे, ती सांगतो. एकदा आमच्या माणसाने तिसऱ्या रिळाचे ठसे दुसऱ्या रिळावर मारले. चित्रात एक आजी सैनिकाला पेज वाढते आहे आणि खाली ओळ येते, "पहाटे पूल उडवायचा." सैनिक म्हणतो, "दारूगोळा पुरेल का?" आजी मान हलवून आणखी एक पळी वाढते. चित्रपटमंडळाच्या खेळाला लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात एकाने लिहिलं की या दिग्दर्शकाला घरगुती जीवनातला प्रतिकार किती सूक्ष्म दिसला आहे. फ्राउ लेंझनी ते कात्रण हौदाजवळ टाचून ठेवलं होतं.

आमच्याकडे येत ते बहुतेक चित्रपटमंडळांचे सिनेमे. मोठ्या सिनेमांना इथे जर्मन आवाजच घालतात. ज्यांच्यावर तेवढी मेहनत कुणी घेणार नाही ते आमच्या अंगणात. त्यात साठच्या दशकाच्या सुरुवातीला जपानी आणि फिलिपिनो सिनेमे येऊ लागले, आणि त्यातले बरेच युद्धातल्या ताब्याच्या दिवसांवरचे. परकं सैन्य येऊन गावात राहिलं आहे, शाळेत त्यांचं ठाणं आहे, आणि लोक त्यांच्या बुटांच्या आवाजावरून दिवस कसा जाणार ते ओळखतात, अशा गोष्टी.

या सिनेमांबरोबर निर्मात्याकडून इंग्रजीत संवादांची यादी येते. आम्ही तिच्यावरून जर्मन ओळी करतो. दोन्ही देशांच्या याद्या चाळताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. जपानी सिनेमा फिलिपिन्समधल्या खेड्यात घडत असेल तर यादीत सैनिकांचा शब्द न् शब्द असायचा, आणि गावकरी बोलला की कंसात फक्त "स्थानिक ओरडतो". फिलिपिनो सिनेमात याच्या उलट. गावातल्या प्रत्येक म्हातारीचं बोलणं यादीत, आणि जपानी अधिकारी पाच मिनिटं बोलला तरी कंसात "जपानी बोलतो". दोघांनीही समोरच्याचं तोंड कोरं ठेवलेलं. कदाचित बरोबरच आहे. बंदूक ज्याच्या हातात त्याची भाषा समोरच्याला नुसती ओरडच वाटते.

मला मात्र ती ओरड कळत होती. मला जपानी येतं हे फ्राउ लेंझना ठाऊक होतं. कसं काय, असं त्यांनी एकदाच विचारलं. "युद्धात मलायात होतो," मी म्हटलं. "असं होय," म्हणून त्यांनी मान हलवली आणि विषय संपला. त्या वर्षांत जर्मनीत कुणी कुणाला, युद्धात कुठे होतास, हे एका मर्यादेपलीकडे विचारत नसे. हा देश मला मानवला त्याचं हे एक कारण आहे. दुसऱ्या कारणांबद्दल मी चारचौघांत बोलत असे, याबद्दल नाही.

तर तो सिनेमा. फिलिपिनो, काळापांढरा, नाव सांगत नाही. एका खेड्यातला शाळामास्तर जपान्यांचा दुभाषी होतो. बंडखोरांना गाडी दिल्याच्या संशयावरून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला पकडून आणतात. चौथ्या रिळात त्याची चौकशी आहे. म्हातारा बराच वेळ बोलतो. बंडखोरांनी नातवाच्या गळ्याशी सुरा धरला होता, मी गाडी दिली नाही, त्यांनी ओढून नेली, माझा रेडाही गेला. हे सगळं यादीत होतं. मग मास्तर अधिकाऱ्याकडे वळून जपानीत बोलतो. यादीत कंस: "दुभाषी जपानीत सांगतो."

मी टेबलावर ते रीळ हाताने फिरवत, कानाला यंत्र लावून ऐकत होतो. त्या नटाचे उच्चार वाईट होते, पण शब्द स्वच्छ होते.

"गाडी दिली. कबूल करतो."

अधिकारी विचारतो, "एवढंच म्हणाला? इतका वेळ बोलत होता."

"एवढंच."

मी यंत्र काढून ठेवलं. हात धुतले. परत आलो आणि तो तुकडा पुन्हा ऐकला. सिनेमा करणाऱ्याला हे कुठून कळलं, हा पहिला विचार माझ्या मनात आला. दुसरा असा, की हे या शहरात कुणाला कळणार नाही. यादीत नाही, तेव्हा मला कुणी विचारणारही नाही. मी ती जागा कोरी सोडली. म्हाताऱ्याच्या ओळी नीट केल्या, नेहमीपेक्षा जास्त शब्द दिले त्याला. मास्तर बोलतो तेव्हा पडद्यावर खाली काही नाही. मेण लागलं, ठसे बसले, फिल्म हौदातून गेली.

आता ज्याने हे काम कधी पाहिलं नाही त्याला वाटेल, तीन ओळी गेल्या तर काय झालं. पण त्या सिनेमाचा कणा त्या तीन ओळी आहेत. म्हाताऱ्याला ठार करतात. शेवटच्या रिळात त्याची बायको देवळाच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या आवारात मुसळ घेऊन मास्तरावर धावून जाते. मास्तरने काय केलं हे ज्याला कळलेलं नाही त्याला ती वेडी वाटते.

सिनेमा रविवारी सकाळी अकराला दाखवला. इथे असे खेळ रविवारी सकाळीच असतात, लोक चर्चमधून परस्पर येतात. माझी बायको कुसुम त्या दिवशी हट्टाने आली होती. लग्नानंतर चार वर्षांनी ती इथे आली, आणि "रोज त्या वासाचे हात घेऊन येता ते करता तरी काय," हे तिला एकदा बघायचं होतं. पाच वर्षांच्या नीलाला शेजारी सोडलं होतं.

चौथं रीळ आलं आणि गेलं. शेवटच्या रिळात म्हातारी मुसळ घेऊन धावली तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मोठ्याने नाही, नाकातून. मला ते अजून ऐकू येतं.

बाहेर कोट घालताना कुसुम म्हणाली, "अहो, ती म्हातारी त्या मास्तरावर का धावली? तो बिचारा तर मधल्या मधे सापडला होता."

"सिनेमा आहे," मी म्हटलं.

"सिनेमा आहे हे तिकीट घेतानाच कळलं मला. पण का धावली?"

मी काही सांगणार तेवढ्यात मंडळाचा चिटणीस एका जपानी गृहस्थांना घेऊन आला. श्री. कुनिदा, इथल्या एका पोलादाच्या व्यापारी कचेरीत होते. चाळिशीचे, गडद सूट, हातात टोपी. चिटणीस जर्मनमध्ये म्हणाला, "यांना ओळी कुणी केल्या ते हवं आहे," आणि दुसऱ्या कुणाकडे वळला.

कुनिदांनी वाकून जपानीत विचारलं, "ओळी आपण केल्या?"

"हो, मीच केल्या," मी जपानीत उत्तर दिलं. आणि ते देताना माझ्या टाचा जुळल्या, हात मांड्यांना चिकटले, हनुवटी वर गेली. सतरा वर्षांत मी कुणाशी जपानीत बोललो नव्हतो. भाषेबरोबर शरीर परत आलं. कुनिदांनी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"ही भाषा आपण पुस्तकातून शिकला नाहीत," ते म्हणाले.

मी हात कोटाच्या खिशात घातले.

"चौथ्या रिळात तीन ओळी राहिल्या आहेत."

"यादीत नव्हत्या."

"पण आपल्याला ऐकू आल्या." त्यांचा आवाज अगदी मऊ होता. "मी एकोणीस वर्षांचा असताना त्या बेटांवर होतो. आमच्याकडेही दुभाषी होता. लोक किती बोलायचे आणि तो किती थोडं सांगायचा. मधे काय राहिलं ते आम्हाला कळलं नाही, आणि खरं म्हणजे आम्ही विचारलंही नाही. आज पहिल्यांदा मला दोन्ही कळलं. म्हाताऱ्याचं बोलणं तुमच्या जर्मन ओळींतून, दुभाष्याचं माझ्या कानांनी. या सभागृहात ते फक्त मला आणि आपल्याला कळलं. हे बरोबर नाही. मी बुधवारी आपल्या कामाच्या जागी येईन."

ते पुन्हा वाकले आणि गेले. कुसुमने विचारलं, "काय म्हणत होते? आणि तुम्ही असे खांबासारखे का उभे राहिलात?"

"जुनी सवय."

"कसली?"

मी ट्राम आली असं म्हटलं. ट्राम खरंच आली होती.

बुधवारपर्यंतचे तीन दिवस कसे काढले ते सांगण्यासाठी मागे जायला हवं.

लढाईच्या आधी मी मलायात एका रबराच्या मळ्यावर प्रयोगशाळेत मदतनीस होतो. चिकात आम्ल घालून तो घट्ट करायचा, त्याच्या चादरी तपासायच्या. इंग्रज पळाले, जपानी आले. गावात त्यांनी भाषेचे वर्ग काढले. वर्गाला जाणाऱ्याला तांदूळ जास्त मिळे, म्हणून मी गेलो, आणि दुर्दैवाने मला भाषा लवकर येते. वर्षभरात मी लष्करी पोलिसांच्या ठाण्यावर दुभाषी झालो. दंडाला पट्टा. बाजारात लोक मला वाट करून देत आणि माझ्याशी बोलणं टाळत.

ठाण्याच्या सार्जंटला लांब उत्तरं खपत नसत. माणूस घाबरून खूप बोलतो. ते सगळं सांगायला लागलो की सार्जंट मलाच थोबाडीत मारी. दोन-तीन वेळा मार खाल्ल्यावर मी कापायला शिकलो. फ्राउ लेंझनी मला काही नवं शिकवलं नव्हतं.

आमच्या मळ्यावर अरुळप्पन नावाचा कंपाउंडर होता. तमिळ ख्रिस्ती, चांगलं इंग्रजी बोलणारा. माझा मलेरिया त्याने दोनदा काढला होता. जंगलात लपलेल्या लोकांना तांदूळ दिला म्हणून त्याला ठाण्यावर आणलं. त्याचं उत्तर लांब होतं. मी सार्जंटला सांगितलं, "तांदूळ दिला. कबूल करतो." त्याला मागच्या दाराने नेलं, तो परत आला नाही. त्याची बायको रोझम्मा फाटकापाशी उभी होती. तिने मला विचारलं, "तो जे बोलला ते सगळं तुम्ही सांगितलंत ना?" मी म्हटलं, "सगळं सांगितलं."

जपान्यांनी शस्त्रं ठेवली त्या सकाळी मी पट्टा चुलीत घातला आणि चालत दुसऱ्या गावी निर्वासितांच्या छावणीत गेलो. तिथे धंदा विचारला, मी सांगितलं, मळ्यावरचा प्रयोगशाळा मदतनीस. खोटं नव्हतं. मुंबईला बोटीतून उतरल्यावर पेपरात वाचलं की मलायात जपान्यांच्या काही दुभाष्यांना फाशी झाली. तेव्हापासून मागून कुणी नावाने हाक मारली की मी लगेच वळत नाही. आधी आवाज कुठल्या देशाचा ते ओळखतो.

बुधवारपर्यंत ड्युसेलडॉर्फच्या रस्त्यावर जेवढे गडद सूट दिसले ते सगळे मला माझ्याकडेच येताहेत असं वाटलं. त्या काळात इथल्या पेपरांत नाझींच्या छळछावण्यांवरच्या खटल्यांच्या बातम्या यायला लागल्या होत्या. युद्ध संपल्यापासून नाकासमोर चालणारी माणसं, कुणी बेकरीवाला, कुणी हिशेबनीस, एका ओळखीच्या आवाजावरून पकडली जात. दाराची घंटा वाजली की मी मोरीत जाऊन नळ सोडायचो. मंगळवारी जेवताना नीला माझ्याकडे बघत होती. मराठी तिला सगळं कळतं, पण बोलते जर्मन. आईला म्हणाली, "मामा, पापा हाट आंग्स्ट." पापाला भीती वाटते आहे.

"कशाची भीती? काहीतरी बोलू नकोस, भात खा," कुसुम म्हणाली. पण तिने माझ्याकडे पाहिलं, आणि नजर लवकर काढली नाही.

बुधवारी कुनिदा आले. हौदांच्या वासाने त्यांनी रुमाल नाकाला लावला नाही, हे मला उगीच लक्षात राहिलं. त्यांनी एक कागद टेबलावर ठेवला. तीन ओळी, वर जपानीत, खाली त्यांच्या मोडक्या जर्मनमध्ये.

"कुठे होतात आपण?"

"मलायात."

"लष्करी पोलिसांकडे?"

माझ्या मागे हौदातलं औषध ढवळण्याचा आवाज चालू होता. नाही म्हणायला मला काहीच अडचण नव्हती. त्यांच्याकडे पुरावा नव्हता. मी म्हटलं, "हो." तो शब्द मी तोवर कुणापुढेही उच्चारला नव्हता.

मला वाटलं आता ते नाव विचारतील, गाव विचारतील, कुठेतरी लिहितील. त्यांनी टोपी उचलली. "तर मग ओळी आपणच घाला. दुसऱ्याला नीट जमणार नाहीत," एवढं म्हणाले आणि गेले. त्यांनी पुढे कुणाला सांगितलं का? मला माहीत नाही. मी त्यांना पुन्हा भेटलो नाही. रस्त्याच्या पलीकडून दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा मी दुकानात शिरलो.

कागद घेऊन मी फ्राउ लेंझकडे गेलो. सिनेमा पुढच्या आठवड्यात म्युनिकला जायचा होता. चौथ्या रिळाची नवी प्रत काढून पुन्हा कोरायला हवी होती, आणि त्याचं कारण सांगायला हवं होतं.

"विसरलात?" त्यांनी विचारलं.

"नाही. मुद्दाम गाळल्या. फ्राउ लेंझ, मी मलायात होतो तेव्हा…"

त्यांनी हात वर केला. चष्मा डोक्यावरून काढून डोळ्यांवर लावला, माझ्याकडे बघितलं, परत डोक्यावर ठेवला.

"बरं तर. माझा नवरा तीन वर्षं पोलंडमध्ये होता. सुट्टीवर यायचा तेव्हा मी केक करायचे. काय करतोस तिथे, हे मी एकदाही विचारलं नाही. आता विचारायला तो नाही. तुम्ही मला सांगू नका, हेर पोटनीस. मला तुमच्याबरोबर काम करायचं आहे. ओळी घाला."

नोकरी राहिली. मला हायसं वाटायला हवं होतं. पण त्या दारातून बाहेर पडताना माझ्या मनात आलं की मला आता कुणीही, कधीही विचारणार नाही, आणि त्या विचाराने मी अधिकच घाबरलो.

ठसे मी स्वतः केले. रीळ स्वतः हौदातून काढलं. शनिवारी दुपारी प्रयोगशाळा बंद असते. मी कुसुमला घेऊन गेलो.

"पुन्हा तोच सिनेमा? बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"तू विचारलं होतंस, म्हातारी का धावली. बघ."

तिला टेबलाशी बसवलं, हाताने रीळ फिरवलं. भिंगातून तिने ओळी वाचल्या. तिचं जर्मन तेव्हा कच्चं होतं, ती अक्षर अक्षर लावत होती. गाडी दिली. कबूल करतो. एवढंच.

"अगं बाई," ती म्हणाली. "एवढं सगळं तो म्हातारा बोलला आणि यानं… मेला." मग माझ्याकडे वळून, "हे तुम्ही आधी का नाही घातलं?"

मी सांगितलं. मळा, पट्टा, सार्जंट, अरुळप्पन, फाटकापाशी उभी असलेली त्याची बायको. उभ्यानेच सांगितलं. कुसुम भिंगावर हात ठेवून ऐकत होती.

"म्हणजे मार बसेल म्हणून छोटं केलंत," ती म्हणाली. मला जरा वाट करून देत होती. बायका देतात.

मी हो म्हणणार होतो. सतरा वर्षं स्वतःला हेच सांगत आलो होतो, इतकं की मला ते खरं वाटायला लागलं होतं. तिच्यापुढे ते तोंडातून निघेना.

"नाही. त्याच्या उत्तरात मी होतो."

"तुम्ही?"

"तांदूळ दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः ठाण्यावर वर्दी द्यायला आला होता. दुभाषी जागेवर नव्हता म्हणून त्याचं बोलणं कुणाला कळलं नाही. ते सांगितलं असतं तर सार्जंटने मला विचारलं असतं, तू कुठे होतास. कामाच्या वेळेत जागा सोडून गेलेल्याला तो काय करायचा ते मी पाहिलं होतं."

"कुठे होतात?"

"न्हाव्याकडे."

कुसुमने भिंगावरचा हात काढला. मग उठून तिने कोट घातला, बटणं लावली. "त्या बाईला मुलं होती?" एवढंच तिने विचारलं. तीन, मी म्हटलं. घरी येईपर्यंत ती ट्राममध्ये खिडकीकडे तोंड करून बसली. पुढचे कित्येक दिवस ताट वाढून समोर ठेवी, पण "अहो" म्हणून हाक मारीत नसे. मग एका सकाळी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "त्या रोझम्माला लिहा. सगळं लिहा. तिनं काय करायचं ते ती ठरवेल."

मी लिहिलं. पाठवायला तीन आठवडे लावले, कारण पाकिटावर माझा पत्ता होता. मळ्याच्या जुन्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र चार महिन्यांनी परत आलं. वर शिक्का होता, या नावाची व्यक्ती येथे नाही. दुसरं पत्र तिथल्या चर्चला लिहिलं. पाद्र्यांनी सभ्यपणे कळवलं की ते कुटुंब युद्धानंतर गेलं, बहुधा भारतात, नक्की कुणाला ठाऊक नाही.

भारतात, म्हणजे हा अंक जिथे वाचला जातो तिथे. तिला मराठी येत नसेल. तिच्या मुलांपैकी कुणी मुंबईत, पुण्यात नोकरीला असेल, कुणी शेजारी वाचून दाखवील, इतकी अंधुक आशा आहे. आणि खरं सांगायचं तर तेवढीच धास्तीही आहे. मी माझं नाव बदललेलं नाही. पत्ता संपादकांकडे आहे, जो मागेल त्याला त्यांनी द्यावा.

अरुळप्पन त्या दिवशी सार्जंटपुढे इंग्रजीत जे बोलला ते मी तेव्हा सांगितलं नाही. आता सांगतो. त्यातला एकही शब्द मी विसरलेलो नाही, आणि यातलं काही कापलेलं नाही.

"हो, तांदूळ मी दिला. परवा संध्याकाळी चारजण आले. एकाकडे बंदूक होती. माझी थोरली मुलगी दारात होती, त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तांदूळ मागितला. घरात होता तेवढा दिला. मी त्यांना ओळखत नाही. बायको म्हणाली, ठाण्यावर जाऊन सांग, नाहीतर आपल्यावर येईल. मी काल उजाडताच सायकलवरून आलो. फाटकावरच्या शिपायाला इंग्रजीत सांगितलं, हातांनी करून दाखवलं, त्याला कळलं नाही. मी दंडावरच्या पट्ट्याची खूण करून दुभाषी कुठे आहेत असं विचारलं. त्यानं केस कापल्याची खूण केली. मी ऊन वर येईपर्यंत थांबलो. दवाखान्यात एक बाई अडली होती, म्हणून मला परत जावं लागलं. जाताना न्हाव्याच्या दुकानात हे बसलेले दिसले. मी थांबणार होतो, पण यांनी आतूनच हात हलवला, नंतर ये असा. मी गेलो. मी खोटं बोलत नाही. यांना विचारा, हे सांगतील."